साडेपाच मीटरचा भाला आणि फिलिपची फौज

इ.स.पू. ३५९ मध्ये ग्रीसच्या उत्तरेकडच्या मॅसिडोनिया राज्याचा राजा पर्डिक्कस इलिरियन टोळ्यांशी लढताना मारला गेला. त्याच्याबरोबर ४,००० सैनिक पडले. कारभार हाती आलेला त्याचा भाऊ, दुसरा फिलिप, तेविशीच्या आसपासचा होता. त्याने पिओनियन आणि थ्रेशियन शेजाऱ्यांना पैसे चारून गप्प बसवलं आणि सैन्याची कवायत सुरू केली. पुढच्याच वर्षी १०,००० पायदळ आणि ६०० घोडेस्वारांनिशी त्याने इलिरियनांना धूळ चारली.

फिलिपच्या पायदळाचं हत्यार होतं सारिसा, म्हणजे साडेचार ते साडेपाच मीटर लांबीचा, साधारण सहा किलोचा भाला. हॉप्लाइटचा, म्हणजे जड ढालीच्या ग्रीक पायदळ सैनिकाचा भाला जेमतेम अडीच मीटरचा असे. सारिसाचा दांडा कॉर्नेल या झाडाच्या घट्ट, जड लाकडाचा असल्याचं मानलं जातं. एवढा लांब दांडा मधोमध धरला, तर निम्मी लांबी पाठीमागे वाया जाते. मागच्या टोकाला धरला, तर पातं जमिनीकडे झुकतं. म्हणून मागे धातूचा वजनदार खिळा बसवत. त्याने तोलबिंदू मागे सरकतो आणि भाल्याचा बराचसा भाग शत्रूच्या दिशेने राहतो. शिवाय तो खिळा जमिनीत रोवता येई.

भाल्याला दोन्ही हात लागत, त्यामुळे हॉप्लाइटसारखी नव्वद सेंटिमीटरची जड ढाल पेलणं शक्य नव्हतं. तिच्या जागी साधारण साठ सेंटिमीटरची ढाल पट्ट्याने गळ्यात अडकवली जाई. धातू कमी, खर्च कमी. महागडं चिलखत न परवडणारा शेतकरी-मेंढपाळही आता रांगेत उभा राहू शकत होता. खरी क्रांती इथे आहे, असं मला वाटतं. लांबीचं कौतुक जरा जास्तच होतं.

पुढच्या पाच रांगांची पाती समोर येत. मागच्या रांगा भाले तिरपे वर धरत, त्यामुळे येणाऱ्या बाणांचा जोर कमी होई. वळायचं तर आधी सगळे भाले उभे करायचे, मग वळायचं, मग खाली आणायचे. एकानेही घाई केली की दांडे एकमेकांत अडकलेच. म्हणूनच कवायत अखंड चाले. फिलिपने बैलगाड्यांना बंदी घातली, दहा पायदळ्यांमागे एकच नोकर ठेवला, तीस दिवसांचं पीठ पाठीवर वाहायला लावलं आणि सरावात ३०० स्टेडिया, म्हणजे पन्नासेक किलोमीटर, चालवलं.

शेतीकामातून मोकळी केलेली फौज बारमाही पोसायची तर पैसा हवाच. इ.स.पू. ३५६ मध्ये क्रेनिडेसच्या सोन्याच्या खाणी हाती आल्या. प्राचीन इतिहासकार डायोडोरसच्या मते तिथलं उत्पन्न वर्षाला १,००० टॅलेंटवर (टॅलेंट हे सोन्याचांदीचं वजनी माप) गेलं.

पण या रचनेला सपाट जमीन लागते. खाचखळग्यांत रांग तुटते, आणि बाजूने कोणी आत शिरलं तर लांब भाला निव्वळ अडगळ ठरतो. इ.स.पू. ३५३ मध्ये फोकिस या ग्रीक राज्याचा सेनापती ओनोमार्खस याने माघारीचं सोंग करून मॅसिडोनियनांना डोंगराच्या कोंडीत ओढलं आणि वरून दगडफेकी यंत्रांनी झोडपलं. सैनिक बंड करायच्या बेतात आले.

फिलिप परतला तो वर्षभरात, थेसली या ग्रीक प्रांताचे घोडेस्वार सोबत घेऊन. क्रोकस मैदानावर दोन्हीकडे पायदळ सुमारे २०,०००च होतं. घोडेस्वार मात्र त्याच्याकडे ३,००० आणि ओनोमार्खसकडे अवघे ५००. त्या दिवशी फोकिसच्या बाजूचे सहा हजारांवर लोक मेले, ओनोमार्खससकट.