बारावीला इतके टक्के पडले, मग आता नंबर कुठं लागंल? प्रवेश, पात्रता अन् कागदपत्रं

निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून आमच्या परभणीतल्या दुकानात माणसं एकच प्रश्न घेऊन येतात, "लेकराला ७८ टक्के पडलेत, कुठं लागंल नंबर?" दुकान म्हणजे काय, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर अन् 'सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' असा बोर्ड. मी उलटं विचारतो, कशासाठी नंबर? कारण टक्के तेच, पण प्रत्येक दारावर त्याचा भाव वेगळा. कुठं सगळा खेळ टक्क्यावरच, अन् कुठं बारावी म्हणजे नुसती गेटपास, आत गेल्यावर कुणी विचारत पण नाही. लोकांची गल्लत इथंच होती.

आधी सोपं दार बघू. बीए, बीकॉम, साधं बीएस्सी, इथं बारावीचे टक्केच चालतात. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवची कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाखाली, अन् परभणी, हिंगोली, नांदेड, लातूरची १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली. कॉलेज फॉर्म घेतं, मेरिट लिस्ट लावतं, फी भरायची, झालं. खरं सांगायचं तर तालुक्याच्या गावी बीए-बीकॉमला काठावर पास झालेल्यालापण जागा मिळती, चुरस असती ती शहरातल्या दोन-चार नावाजलेल्या कॉलेजात. सायन्सवाला बीए-बीकॉमला जाऊ शकतो, आर्ट्सवाला बीएस्सीला नाही. अन् एबीसी आयडी (कॉलेजचे क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं) आधीच काढून ठेवा, आधार अन् मोबाईल लिंक असला की पाच मिनिटाचं काम आहे.

डी.फार्मसीला पण बारावीचेच मार्क धरतात, फिजिक्स, केमिस्ट्री अन् बायो किंवा मॅथ्स. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, लागत नाही, म्हणून ज्यांची सीईटी बिघडली ते सगळे तिकडं पळतात अन् मेरिट वर जातं.

आता फसवं दार, बीसीए-बीबीए. २०२४ पासून याला पण राज्याच्या सीईटी सेलची सीईटी सुरू झाली अन् हे अजून निम्म्या गावाला माहीतच नाही. गेल्या साली कॉमर्सचा एक पोरगा आला, ८१ टक्के, बाप खुश, म्हणले बीसीएला टाकू. मी विचारलं सीईटी दिली का, तर पोरगं माझ्या तोंडाकडं बघायलं. कॉलेजात कुणी सांगितलंच नव्हतं त्याला. ८१ टक्के खिशात अन् दार बंद. म्हणून निकालाची वाट बघू नका, कोर्सला सीईटी आहे का ते डिसेंबर-जानेवारीतच बघा, रजिस्ट्रेशन तेव्हाच सुरू होतं. पाच वर्षाच्या लॉला सीईटी आहे (वर बारावीला ओपनला ४५, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४० टक्के), बी.फार्मसीला आहे, बीएस्सी ॲग्रीला पण आहे. आमच्या परभणीत कृषी विद्यापीठ घरासमोर असून लोकांना वाटतं ॲग्री बारावीवर होतं, काय बोलावं.

इंजिनिअरिंगचं जरा निवांत समजून घ्या. मेरिट लागतं एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाही. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ९० जण तुमच्या बरोबरीला किंवा मागं, पेपरात २०० पैकी किती पडले ते वेगळंच. पेपरात अकरावीचा भाग २० टक्के, बारावीचा ८० टक्के अन् निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं एकपण प्रश्न कोरा सोडणं म्हणजे येडेपणा. बारावीचं काम फक्त पात्रतेपुरतं, ओपनला ४५ टक्के, राखीवला ४०. पण हे ४५ टोटलचे नाहीत बरं का! फिजिक्स, मॅथ्स अन् तिसरा विषय, बहुतेकांचा केमिस्ट्री, या तिघांचे मिळून ३०० पैकी १३५ पाहिजेत. आपल्याकडं मराठीला ८०, बाकीच्या विषयांना पण भरपूर असं होऊन टोटल दिसती ६० टक्के अन् तीन विषयांची बेरीज केली की १२८. मार्कशीट हातात आली की पहिले ही बेरीज करा, टक्केवारी नंतर सांगा पाव्हण्यांना. दोघांचं पर्सेंटाइल सारखं आलं तर मात्र आधी सीईटीचे विषयवार बघून मग बारावीचे मार्क काढतात, तेवढ्यापुरता बारावीचा उपयोग आहे. एनआयटी-आयआयटीचं स्वप्न असंल तर तिथं जेईई असली तरी बारावीला ७५ टक्के (एससी-एसटीला ६५) किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमधी यावं लागतं.

मेडिकलला नीट. बारावीला पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) ओपनला ५०, राखीवला ४० टक्के असले की पुढं बारावी संपली, नीटचा स्कोअर बोलतो. सरकारी कॉलेजात १५ टक्के जागा ऑल इंडिया, ८५ टक्के राज्याच्या. २०२० पर्यंत याच्यात अजून एक पाचर होती, ७०:३० चा फॉर्म्युला, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या पोरांना अन् ३० टक्के सगळ्या राज्याला. मराठवाड्यात कॉलेजं कमी, पोरं हुशार, लातूर पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला माहीत, तरी आपल्या लेकराला जास्त मार्क असून जागा नाही अन् तिकडं कमीवर ॲडमिशन. ते २०२० ला रद्द झालं. जुन्या कटऑफच्या चिठ्ठ्या अजून व्हॉट्सॲपवर फिरतात, २०२० च्या आधीचा कटऑफ बघून अंदाज लावू नका.

इंजिनिअरिंगला मात्र विद्यापीठाचा भाग अजून आहे. कटऑफच्या यादीत जागेच्या नावाला शेवटी एच, ओ किंवा एस लागलेलं दिसतं. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. तुमची होम युनिव्हर्सिटी गावावरून ठरत नाही, बारावी कुठून पास झाला त्यावरून ठरती. आता विचार करा, बीडचं लेकरू अकरावी-बारावीला लातूरला गेलं, खोली घेऊन राहिलं, तर आधार कार्डावर बीड असलं तरी त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेड होती, संभाजीनगर नाही. अकरावीला कुणी हे बघत नाही, बघायला पण नाही पाहिजे म्हणा, पण कॉलेजची यादी भरताना चुकीच्या रकान्यातला कटऑफ बघून बसतात. संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी अन् नांदेडचं एसजीजीएस, आपल्या भागातली ही दोन मोठी, दोन्हीचा कटऑफ आपल्या प्रवर्गाच्या अन् आपल्या लागू अक्षराच्या रकान्यातच बघा.

आता कागदपत्रं. मार्कामुळं अडलेली पोरं मी कमी बघितली, कागदामुळं अडलेली लै. दहावी-बारावीची मार्कशीट अन् टीसी तर लागणारच. टीसीवर 'राष्ट्रीयत्व भारतीय' अन् जन्मठिकाण लिहिलेलं आहे का ते काउंटरवरच बघून घ्या, नसलं तर लिहून घ्या. वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचा दाखला काढून ठेवा, म्हणजे वाद नको. नाव दहावीच्या मार्कशीटवर जसं तसंच आधारवर पाहिजे, वडिलांच्या नावात एखादा काना इकडं-तिकडं असला की कॅपमधी (सीईटी सेलची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) अर्ज परत येतो. गॅप असंल तर गॅपचं ॲफिडेव्हिट.

राखीवमधून जायचं असंल तर खरी कसरत इथून पुढं. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याचा, त्याच्या पुढं जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी. व्यावसायिक कोर्सला व्हॅलिडिटी लागतीच. सायन्सला असतानाच कॉलेजचं पत्र घेऊन जिल्ह्याच्या समितीकडं ऑनलाइन अर्ज करता येतो, बारावीचा निकाल लागायची वाट बघणारा जुलैत रडतो. पुरावा वडिलांकडच्या नात्यातला लागतो, आईकडचा चालत नाही. तारखा पाठ करा: एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी अन् एसबीसीला (विशेष मागास प्रवर्ग) १३ ऑक्टोबर १९६७, याच्या आधीचं काहीतरी पाहिजे. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा सगळ्यात भारी. आपल्याकडं अडचण अशी की १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, कागद उर्दूत नाहीतर मोडीत, म्हणून तहसीलच्या रेकॉर्ड रूममधी जुनी पत्रकं काढायची, उर्दू वाचणारा माणूस धरायचा, भाषांतर करून घ्यायचं. महिना-दोन महिने जातात. चुलत्याची किंवा आत्याची व्हॅलिडिटी झालेली असंल तर काम लै सोपं होतं, म्हणून भावकीतला अबोला तेवढ्यापुरता बाजूला ठेवा.

नॉन-क्रीमीलेयर, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला, एससी-एसटी सोडून बाकी सगळ्या राखीवला लागतं, ओबीसी, भटके-विमुक्त, एसबीसी अन् एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं पाहिजे. घरात पडलेलं जुनं जोडतात अन् मग पोरगं ओपनमधी जातं. मागच्या एका वर्षी माझ्या सख्ख्या भाचीचंच असं झालं, दाखल्याची तारीख मी स्वतः बघितली नाही, घाईत अपलोड केलं, दुरुस्तीची मुदत होती तवर कार्यालयातला सर्व्हर बंद. बहीण अजून टोमणे मारती. मराठा समाजातल्या लेकरांनी ध्यानात घ्या, २०२४ च्या कायद्यानं एसईबीसीचं १० टक्के लागू झाल्यावर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) चालत नाही, कुणबी नोंद सापडली असंल तर ओबीसीतून, नाहीतर एसईबीसीतून. ईडब्ल्यूएस फक्त ज्यांना कुठलंच आरक्षण नाही त्यांना.

कॅपचा क्रम असा. सीईटी सेलच्या साइटवर रजिस्ट्रेशन, कागद अपलोड, मग ई-स्क्रूटिनी (कागदांची ऑनलाइन तपासणी) किंवा सेंटरवर जाऊन तपासणी. कच्ची मेरिट लिस्ट लागती, चूक असली तर तक्रार त्याच दिवसात टाकायची, पक्की लागल्यावर कुणी ऐकत नाही. त्यानंतर ऑप्शन फॉर्म. इथं लोक "मिळंल असं" वर टाकतात, ते उलटं आहे. जे मनापासून पाहिजे ते एक नंबरला, मिळणं-न मिळणं मशीन बघतं, खालचं टाकल्यानं वरचं बिघडत नाही. २०२५ पासून इंजिनिअरिंगला चार राउंड झाले अन् नियम कडक झाला, पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन मिळाला तर तोच पक्का, दुसऱ्याला पहिल्या तीनमधलं, तिसऱ्याला पहिल्या सहामधलं काहीपण मिळालं की पुढं सरकता येत नाही. म्हणून वरचे सहा घरात बसून, फी अन् हॉस्टेलचा खर्च धरून ठरवा. दोस्तानं टाकलं म्हणून लांबचं कॉलेज पहिल्या सहात टाकायचं अन् मग जायचं नाही म्हणायचं, असं चालत नाही. जागा मिळाली की १००० रुपये सीट ॲक्सेप्टन्स फी भरून मुदतीत कॉलेजात रिपोर्ट करायचं.

मार्क कमी वाटले तर बोर्डाकडं आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागती, ती मिळाल्यावर कामकाजाच्या पाच दिवसात पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, थेट पुनर्मूल्यांकन होत नाही. परभणी, हिंगोलीवाल्यांचं बोर्ड संभाजीनगर विभाग, लातूर विभागात लातूर, नांदेड, धाराशिव. पास असून टक्के वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार आहे, पण त्यात सगळे विषय परत द्यावे लागतात. ४५ ला दोन-तीन मार्क कमी पडणाऱ्यानं याचा विचार करावा, ७८ चे ८२ करायला मात्र वर्ष घालवू नका, सीईटीच्या दारात त्याला काही किंमत नाही.

अन् मुलींच्या बापांनी हे नक्की वाचा. ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी अन् ओबीसीतल्या, ८ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी अन् परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण ॲडमिशन कॅपमधून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की माफी गेली. काही ठिकाणी कॉलेजवाले गोड बोलून "आत्ता कोट्यातून घ्या, नंतर बघू" म्हणतात, नंतर काही बघत नाहीत. ॲडमिशन झाल्यावर महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल) फॉर्म दरवर्षी भरावा लागतो अन् पैसे आधार लिंक असलेल्या खात्यातच येतात, तर लेकीचं खातं बँकेत जाऊन आधारला जोडून घ्या, उत्पन्नाचा दाखला त्याच वर्षीचा काढा, अन् येताना ओरिजिनल आणा, झेरॉक्सचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका, तो अपलोड होत नाही.