जुन्या सायकलचा ब्रेक निवडताना आधी रिम बघा

पहिला जोरदार पाऊस झाला की विदर्भातल्या गावच्या सायकल दुकानात एक तक्रार हमखास ऐकू येते: "भाऊ, ब्रेकच लागून नाही राह्यला." मिस्त्री तार कसून देतो, रबर बदलून देतो, आणि पुढच्या पावसात तीच सायकल पुन्हा दारात उभी. दोष बहुतेक वेळा ब्रेकचा नसतोच, रिमच्या चकचकीत क्रोमचा असतो. आजोबांची काळी सायकल किंवा भंगारात सापडलेली वाकड्या हँडलची जुनी रेसर पुन्हा रस्त्यावर आणायची हौस फार चांगली. फक्त ब्रेकवर पैसे घालण्याआधी चाकाकडे नीट बघा, एवढं मला कळकळीनं सांगायचं आहे.

ब्रेक वेगाची ऊर्जा घेतो आणि तिची उष्णता करतो. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो वजन, ताशी २० किलोमीटर वेग धरला, तर थांबेपर्यंत सुमारे १,४०० ज्यूल ऊर्जा घालवावी लागते. एवढ्यानं एक किलोची पोलादी रिम जेमतेम ३ अंशांनी तापेल. म्हणजे वर्धा-यवतमाळच्या सपाट रस्त्यावर उष्णतेची काळजी नको. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरायचं असेल तर हिशेब पालटतो. तिथं उंचीनं दर १०० मीटर खाली आलं की सुमारे ८८,००० ज्यूल ऊर्जा मोकळी होते, सपाटीवर एकदा थांबण्याच्या साठपटीहून जास्त. काही हवेच्या अडथळ्यात जाते, उरलेली रिमवर येते, आणि सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्याची रिम हात लावू देत नाही.

आपल्याकडची खरी अडचण पाण्याची आहे. कोरड्या पोलादावर रबर छान धरतं. क्रोमचा पृष्ठभाग मात्र इतका गुळगुळीत आणि कठीण, की त्यावरचा पाण्याचा पातळ थर सहज तुटत नाही. रबर त्या थरावरच घसरत राहतं आणि घर्षण कित्येक पटींनी कमी होतं. ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला अडीच फेरे घेतं. रिम पुसली जाऊन रबर धरेपर्यंत असे कितीतरी फेरे निघून जातात. त्यात पांधण रस्त्यानं वावरातून आलात तर काळी मातीही असते. या मातीतल्या चिकणमातीचे कण अतिशय बारीक, थरांथरांचे, आणि थरांमध्ये पाणी धरून ठेवणारे. पाऊस थांबला तरी रिमवर त्यांचा निसरडा लेप राहतो. अॅल्युमिनियमच्या रिमचा पृष्ठभाग तुलनेनं मऊ आणि सूक्ष्म पातळीवर खडबडीत, म्हणून पाण्याचा थर लवकर तुटतो. ओल्या रस्त्यावर हा फरक कोणत्याही नामांकित ब्रेकनं पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा आहे.

काळ्या सायकलींचा प्रकार वेगळा. अॅटलस, हीरो, हर्क्युलस अशा सायकलींना सळईचे ब्रेक असतात. त्यात रबर रिमला बाजूनं चिमटत नाही, आतून, आऱ्यांकडच्या अंगानं वर ओढलं जातं. त्यामुळे चाक थोडं डावी-उजवीकडे लवत असलं तरी चालतं, पण वर-खाली उडणारं चाक या ब्रेकला सोसत नाही. या रिमच्या बाजू गोलसर असतात, तिथं कॅलिपर ब्रेकच्या, म्हणजे तारेनं ओढून रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या ब्रेकच्या, रबराला बसायला सपाट जागाच नाही. म्हणून "सळया काढा, तारेचा ब्रेक लावा" असं कोणी सुचवलं तर रिमसुद्धा बदलावी लागेल हे आधीच विचारात घ्या. माझं मत विचाराल तर कोरड्या दिवसांत हळू चालणाऱ्या काळ्या सायकलचे सळईचे ब्रेक तसेच ठेवावेत. खिळखिळे झालेले सांधे तेवढे दुरुस्त करून घ्यावेत.

रेसरच्या बाबतीत निवड रंगते. जुन्या रेसरला अनेकदा २७ इंची चाक असतं, त्याच्या रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६३० मिलिमीटर. अॅल्युमिनियमची रिम घ्यायला गेलात तर बहुधा ७००सी नावाच्या मापाची मिळेल, तिचा ६२२. म्हणजे रबर ४ मिलिमीटर खाली न्यावं लागणार. म्हणून नवं चाक बसवून चिमट्यात (चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये) ब्रेक बसतो त्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या सपाट पट्टीच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. आजचे रिमला चिमटणारे रेसिंग ब्रेक साधारण ३९ ते ४९ मिलिमीटरचे, जुन्या सायकलला मात्र बहुतेक वेळा ४७ ते ५७ किंवा त्याहून लांब लागतात. हे माप न घेता ब्रेक मागवू नका.

लांबीची किंमतही मोजावी लागते. कॅलिपर म्हणजे उलटी धरलेली सांडशीच: खिळीपासून रबर जितकं लांब, तितकी पकड ढिली. तारेकडची बाजू तीच ठेवून रबराकडचा हात ४५ वरून ६० मिलिमीटर केला तर दाब पाव हिश्श्यानं घटतो, शिवाय लांब हात लवतोही. १९६८ मध्ये आलेला इटलीच्या कॅम्पाग्नोलो कंपनीचा साइड-पुल (तार एका बाजूनं ओढणारा) ब्रेक देखणा आहे, पण तो हे अंतर कमी असलेल्या सायकललाच शोभतो. अंतर जास्त असेल तर वाइनमान किंवा माफॅक या कंपन्यांचा सेंटर-पुल (तार मधोमध ओढणारा) ब्रेक मला जास्त भरवशाचा वाटतो. त्याच्या प्रत्येक हाताला स्वतंत्र खिळ असते, ती रिमच्या जवळ येते, आणि त्यामुळे हात कमी लवतात. त्याची आडवी तार जितकी आखूड आणि सपाट, तितका दाब जास्त. मात्र त्याला तार अडकवायला हँडलखाली आणि सीटजवळ वेगळी पट्टी लागते, ती सायकलला आहे का बघून घ्या.

ब्रेक जुना घ्या, रबर नवंच घ्या. डब्यात जपून ठेवलेलं चाळीस वर्षांपूर्वीचं रबर कितीही 'ओरिजिनल' असलं तरी ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णतेनं टणक झालेलं असतं, आणि आपला उन्हाळा ४५ अंशांचा. मऊ रबर रिमच्या बारीक खाचांत शिरतं, टणक वरून घासत जातं. अंगठ्याचं नख रुतत नसेल तर फेकून द्या. अॅल्युमिनियमची रिम असेल तर रबरात रुतलेले चमकते कण मधूनमधून टोच्यानं काढत चला, नाहीतर तेच रिमला ओरखडतात.

दोन्ही रिम एकदम बदलण्याइतके पैसे नसतील तर पुढची आधी बदला. ब्रेक लावला की वजन पुढं झुकतं आणि मागचं चाक हलकं होऊन घसरतं. फक्त मागच्या ब्रेकवर ताशी २० किलोमीटरवरून थांबायला सहा मीटरच्या आसपास लागतात, पुढचा चांगला असला तर त्याच्या निम्म्यात काम होतं. कॅरिअरवर धान्याचं पोतं असेल तर मागचं चाकही बरंच जास्त धरतं. अशी सायकल रोज वापरात असेल तर मागची रिम पुढच्या हंगामापर्यंत पुढं ढकलू नका.