बटाट्याचा आकडा ०३२१२१००

समजा, एक शाळा मुलांच्या जेवणासाठी ‘बटाटे’ मागवते. शेजारचं रुग्णालय त्याच मालाला ‘कांदे-बटाटे’ म्हणतं आणि वसतिगृहाच्या कागदावर नुसतंच ‘भाजीपाला’ असतं. तिन्ही कार्यालयांत संगणक आहेत. तरी किलोला कुणी किती मोजले, हे ताडून बघता येत नाही, कारण शब्दच जुळत नाहीत.

युक्रेनने यावर काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. ‘प्रोझोरो’ ही तिथली सरकारी खरेदीची ऑनलाइन व्यवस्था; युक्रेनियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘पारदर्शकपणे’. कीव्हमधल्या ‘मैदान’ नावाच्या चौकातल्या २०१४च्या सरकारविरोधी आंदोलनानंतर स्वयंसेवकांनी ही व्यवस्था उभी केली, फेब्रुवारी २०१५मध्ये चाचणी सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०१६पासून ती सगळ्या सरकारी खरेदीदारांना बंधनकारक झाली.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. मध्यभागी एकच डेटाबेस आणि त्याला जोडलेले अनेक खासगी बाजारमंच. पुरवठादाराने कुठल्याही मंचावर नाव नोंदवावं, निविदा सगळीकडे तीच दिसते. मंच ग्राहक मिळवायला आपसांत झटतात. नोंदवही मात्र सामाईक, त्यामुळे एकाने निविदा दडवली तरी ती दुसरीकडे दिसतेच. मालाला युरोपीय वर्गीकरणाचा आकडा द्यावा लागतो. बटाट्याचा ०३२१२१००-१. शेवटचा १ हा पडताळणीचा अंक. एवढ्या आकड्याने शाळा आणि रुग्णालय एका ओळीत येतात.

दर उतरवत नेण्याचा लिलावही उघड्यावर. तीन फेऱ्या होतात, नावं झाकलेली, आकडे दिसणारे. प्रत्येक फेरीत ज्याचा दर सर्वांत जास्त तो आधी बोलतो, सर्वांत कमी दराचा शेवटी, म्हणजे बाकीच्यांचे आकडे पाहून. लिलाव संपला की नावं उघडतात आणि आपण ज्याला ‘एल-वन’ म्हणतो, त्या सर्वांत कमी दराच्या पुरवठादाराची कागदपत्रं आधी तपासली जातात.

अटीच एखाद्या ठेकेदाराच्या मापाच्या शिवल्या असतील, तर यंत्र त्या आपणहून थांबवू शकत नाही. पण त्या अटी कुणालाही वाचता येतात. ‘दोझोरो’ या जोडमंचावर नागरिक आणि पुरवठादार नेमक्या त्या निविदेवरच आक्षेप नोंदवतात.

फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने आक्रमण केलं, तेव्हा थेट खरेदीला मोठी सूट द्यावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, युद्ध चालू असतानाच, सरकारने खुल्या निविदांचा नियम पुन्हा लागू केला.