गाढव (मराठवाडा)

घोड्याच्या इक्विडी कुळातला, ओझी वाहण्यासाठी पाळला जाणारा प्राणी. शास्त्रीय नाव इक्वस असायनस. मादीला गाढवीण आणि पिलाला शिंगरू म्हणतात. मराठवाड्यात दिसणारी गाढवे बुटकी, राखाडी किंवा मातकट रंगाची, खांद्याशी जेमतेम मीटरभर उंचीची असतात. पाठीच्या कण्यावरून गेलेला काळपट पट्टा आणि खांद्यावर त्याला छेदणारा दुसरा पट्टा, अशी फुली पुष्कळ गाढवांच्या अंगावर असते.

गाढवाचे मूळ आफ्रिकेतले. तिथल्या रानगाढवाला माणसाने सुमारे सात हजार वर्षांपूर्वी माणसाळवले. कोरड्या, खडकाळ मुलखात घडलेले हे जनावर दुष्काळी भागाला मानवते. कडबा, वाळले गवत, उकिरड्यावरचा पाला अशा कशावरही ते निभावून नेते. पाण्यावाचून अंगाचे वजन पाव हिश्श्याच्या आसपास घटले तरी तग धरते आणि पाणी समोर आले की काही मिनिटांत ती तूट भरून काढते. मोठ्या कानांतून अंगातली उष्णता बाहेर पडते. गाभणकाळ बारा महिन्यांच्या आसपास असतो आणि बहुधा एकच शिंगरू होते. घोडा श्वास सोडताना खिंकाळतो. गाढव मात्र श्वास आत घेतानाही आवाज काढते आणि बाहेर सोडतानाही, म्हणून त्याच्या ओरडण्याला ते दुहेरी, करवतीसारखे वळण असते. गाढव आणि घोडी यांच्यापासून खेचर होते. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२ आणि खेचराची ६३. या विषम आकड्यामुळेच खेचराला सहसा संतती होत नाही.

गाढव मूर्ख असते, ही समजूत एका साध्या निरीक्षणावर उभी आहे. भ्यायले की घोडा पळतो, गाढव जागच्या जागी थबकते. धोका कसला आहे याचा अंदाज येईपर्यंत ते पुढे पाऊल टाकत नाही, आणि तोवर मालकाची काठी पाठीवर पडलेली असते. वाट मात्र ते पक्की लक्षात ठेवते. कुंभाराची गाढवे गोण्या लादून दिल्या की मागे कुणी नसतानाही घरी येत, हे खेड्यात वाढलेल्या कुणालाही ठाऊक असते. ‘गाढवाला गुळाची चव काय’ ही म्हण तर सरळसरळ खोटी आहे. गूळ पुढे धरून पाहावा.

मराठवाड्यात गाढव बाळगणारे मुख्यतः कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी आणि परीट. भट्टीवर कच्च्या विटा वाहणे, नदीतून वाळू आणणे, मळ्यातून माती आणणे ही त्याची कामे. कुंभाराच्या घरी त्याचा आणखी एक उपयोग होता, तो सहसा कुणी बोलून दाखवत नाही. मडक्यांसाठी माती मळताना तीत लीद मिसळतात. लिदीतले बारीक धागे ओल्या मातीला धरून ठेवतात आणि भट्टीत जळून गेले की भांड्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. माठातले पाणी झिरपून गार होते त्यात या छिद्रांचाही वाटा असतो. म्हणजे उन्हाळ्यात घसा थंड करणाऱ्या पाण्याचे थोडे श्रेय उकिरड्यावर उभ्या असलेल्या या प्राण्याकडे जाते.

पण या प्रदेशातले त्याचे खास काम माळवदाशी जोडलेले होते. बीड, धाराशिव, लातूर, परभणीकडची जुनी घरे मातीच्या सपाट छताची. लाकडी तुळया, त्यांवर किलचे, त्यावर पाला आणि वर जाड मातीचा थर. पावसाळ्याच्या तोंडाला दरवर्षी या छतावर नवी पांढरी किंवा खारी माती पसरावी लागे, नाहीतर घर गळे. ही माती गावाबाहेरून, पडक्या गढीच्या अंगाने, गाढवांच्या पाठीवरून येई. अरुंद बोळात बैलगाडी शिरत नसे, गाढव शिरे. मृग लागण्याआधीच्या पंधरवड्यात गाढववाल्याला गावात मोठा भाव असे. पुढे पत्रे आले, नंतर स्लॅब आला. १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड मातीची छपरे आणि दगडी भिंती अंगावर कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर त्या भागात माळवदावरचा विश्वासच उडाला, आणि छतावर माती घालायचे काम गेले तसे गाढवाचेही एक हुकमी काम गेले.

खरेदी-विक्रीसाठी जनावरांचे बाजार भरतात. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा त्यांतली नामांकित. मार्गशीर्षाच्या अखेरीस भरणाऱ्या या यात्रेत लाल कंधारी बैल, घोडे, उंट यांच्या बरोबरीने गाढवेही उभी असतात. बघ्यांची गर्दी घोड्यांपाशी होते. गाढवांच्या बाजूला फक्त घेणारे आणि विकणारे.

शिवी म्हणून गाढवाचा वापर फार जुना, आणि एके काळी तो सरकारी होता. मध्ययुगीन दानलेखांत गधेगाळ नावाचा शिलालेखाचा प्रकार आहे. शिळेवर वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे शिल्प असते. दान दिलेली जमीन जो बळकावील त्याच्या आईला उद्देशून ही शापवाणी असे. वाचता न येणाऱ्यालाही ती कळावी म्हणून चित्र. अशा शिळा कोकणात विशेष आढळतात. अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४ चा लेख त्यांतला प्रसिद्ध. जागेवर गाढवाचा नांगर फिरवणे म्हणजे ती ओसाड करणे. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यावर तो फिरवल्याचे इतिहासात सांगतात. शीतलादेवीचे वाहन मात्र गाढवच आहे, हे शिवी देणाऱ्यांच्या सोयीने विसरले जाते.

गाढवाचा अपमान आणि मान एकाच पंधरवड्यात पाहायचा तर फाल्गुनात मराठवाड्यात यावे. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावी धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते. देशमुख घराण्यातल्या एका जावयाने रंग लावून घ्यायला नकार दिला, तेव्हा सासऱ्याने सजवलेले गाढव मागवून त्यावर त्याला बसवले आणि गावभर फिरवले, अशी या प्रथेची कथा. तिला आता आठ-नऊ दशके होत आली. सणाच्या आधी काही दिवस गावकरी जावयाच्या शोधात असतात. सापडलेला पळून जाऊ नये म्हणून त्याच्यावर पहारा ठेवतात. गळ्यात चपलांचा हार, पुढे वाजंत्री, वर रंगांचा मारा. शेवटी त्याच जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी देऊन गौरवतात. जावयाच्या मानासाठी जीव टाकणाऱ्या समाजाने वर्षातून एक दिवस स्वतःला दिलेली ही सुटी म्हणायची.

धुळवड फाल्गुन वद्य प्रतिपदेला. पाचच दिवसांनी, वद्य षष्ठीला, पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते. एकनाथांची (१५३३–१५९९) सर्वांत लोकप्रिय कथा गाढवाची आहे. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराकडे निघालेल्या नाथांना वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसते, आणि रामेश्वरासाठी आणलेले पाणी ते त्याच्या मुखात घालतात. रेड्याच्या मुखी वेद आले तेही याच पैठणात. रेड्याची समाधी पुणे जिल्ह्यात आळे येथे आहे. नाथांच्या गाढवाची कुठेच नाही. ते पाणी पिऊन आपल्या वाटेने गेले असावे.

गाढवांची संख्या झपाट्याने घटते आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ मध्ये ती १ लाख २४ हजारांवर आली, म्हणजे सात वर्षांत ६१ टक्क्यांची घट. ट्रॅक्टर, टेम्पो, विटांची यंत्रे ही कारणे उघड आहेत. चोरून होणारी कत्तल आणि कातड्याचा व्यापार यांचीही त्यांत भर आहे.

जे काम नव्याने मिळाले आहे ते दुधाचे. गाढविणीचे दूध रचनेने आईच्या दुधाच्या बरेच जवळचे, कमी स्निग्धांशाचे आणि जास्त दुग्धशर्करेचे असते. एक गाढवीण दिवसाला फार तर अर्धा-एक लिटर देते. खोकला, दमा, बालदमा यांवर ते रामबाण असल्याचे विकणारे सांगतात. त्याला वैद्यकीय आधार नाही. तरी धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा भागात १० मिलीलीटरला १०० रुपये, म्हणजे लिटरला १०,००० रुपये असा भाव लागल्याच्या बातम्या आल्या. गाढवीण दारात उभी करतात, भेसळीचा संशय नको म्हणून समोरच धार काढतात आणि चमच्याने मोजून देतात.