कॅप्टन लक्ष्मी सहगल : दवाखान्यापासून दवाखान्यापर्यंत

कॅप्टन लक्ष्मी म्हटलं की लष्करी गणवेशात नेताजींसोबत चालणारी तरुणी डोळ्यांसमोर येते. पण त्या आधी डॉक्टर होत्या आणि युद्धानंतरही डॉक्टरच राहिल्या. त्यांचं सैनिकी आयुष्य समजून घ्यायचं तर हे विसरून चालणार नाही.

जन्म मद्रासचा, २४ ऑक्टोबर १९१४. आई अम्मू स्वामिनाथन पुढे संविधान सभेच्या सदस्य झाल्या. मद्रासला १९३८ मध्ये एम.बी.बी.एस. झाल्यावर लक्ष्मींनी प्रसूतिशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि १९४० मध्ये सिंगापूर गाठलं. तिथे त्यांच्या दवाखान्यात यायच्या त्या बहुतेक गरीब भारतीय मजूर बायका. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांनी घेतलं, तेव्हा त्या जखमी युद्धकैद्यांवर उपचार करत होत्या.

जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू आले. आझाद हिंद सेनेत स्त्रियांची पलटण उभारण्याचं काम त्यांनी लक्ष्मींवर सोपवलं. लक्ष्मींनी जमवलेल्या वीसेक बायकांनी जड थ्री-नॉट-थ्री रायफली पेलून नेताजींना मानवंदना दिली. २२ ऑक्टोबरला छावणी सुरू झाली. पलटणीला नाव दिलं झाशीच्या राणीचं, पण भरती झालेल्यांत मलायाच्या रबरमळ्यांवरच्या तमिळ मजुरांच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. ज्या देशासाठी कवायत करायची, तो त्यांच्यातल्या अनेकींनी कधी पाहिलाही नव्हता! पलटणीची आठवण काढताना या पोरींचा उल्लेख आधी व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आझाद हिंद सरकारात लक्ष्मी एकमेव महिला मंत्री होत्या. हुद्दा पुढे लेफ्टनंट कर्नलचा झाला, पण लोकांच्या तोंडी ‘कॅप्टन’च राहिलं.

पलटण ब्रह्मदेशात पोचली, पण तिला आघाडीवर उतरवण्याआधीच इंफाळची मोहीम फसली. परतणारे जवान जखमी होते, मलेरिया आणि हगवणीने खंगलेले होते. मेम्योच्या रुग्णालयात त्यांची शुश्रूषा याच मुलींनी केली. १९४५ मध्ये लक्ष्मी ब्रिटिशांच्या हाती लागल्या आणि मार्च १९४६ मध्ये त्यांना हिंदुस्थानात आणलं गेलं.

पुढच्या वर्षी प्रेमकुमार सहगल यांच्याशी लग्न झालं. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात चाललेल्या खटल्यातले ते एक आरोपी. दोघं कानपूरला स्थायिक झाले आणि लक्ष्मींनी पुन्हा दवाखाना थाटला. फाळणीचे निर्वासित, १९७१ चे बांगलादेशी निर्वासित, १९८४ मध्ये भोपाळचे वायुपीडित, सगळीकडे त्या औषधोपचारांसाठी धावल्या. २००२ मध्ये डाव्यांच्या वतीने कलामांविरुद्ध राष्ट्रपतिपदाची निवडणूकही लढवली. नव्वदी ओलांडली तरी त्या रुग्ण तपासत होत्या. २३ जुलै २०१२ रोजी कानपूरलाच त्यांचं निधन झालं.