पोटातल्या घड्या: काही उघडतात, काही नाही

वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूवर जीभ फिरवून बघा, आडव्या वाकड्यातिकड्या उंच कडा लागतील. इंग्लिशमध्ये त्यांना रुगी म्हणतात, एकच असेल तर रुगा, शब्द मूळचा लॅटिन, अर्थ सुरकुती किंवा चुणी. पण जठराच्या आतल्या घड्यांनाही डॉक्टर लोक रुगीच म्हणतात, त्यामुळे बोलणारा दातांचा डॉक्टर आहे की पोटाचा ते आधी बघायचं.

टाळूवरच्या रुगी कायम तशाच राहतात आणि त्यांचा पॅटर्न प्रत्येकाचा वेगळा. ओठ, गाल, जीभ यांच्या आड असल्यामुळे त्या बऱ्याचदा शाबूत राहतात, म्हणून मृतदेह जळालेला असेल, बोटांचे ठसे मिळत नसतील आणि त्या माणसाची जुनी कवळी किंवा दातांचा साचा कुठे ठेवलेला असेल तर त्याच्याशी टाळू जुळवून ओळख पटवायचा प्रयत्न करता येतो.

जठरातल्या रुगींचं काम साधं, जागा करून देणं. रिकाम्या जठरात जेमतेम 50 ते 75 मिली मावतं, आणि पोटभर जेवलं की एक-दीड लिटर. घास गिळला की व्हेगस नावाच्या नसेतून निरोप जातो, जठराचा वरचा भाग सैल पडतो, या चुण्या साडीच्या निऱ्या सुटाव्यात तशा उलगडत जातात, म्हणून लग्नाच्या पंगतीत पहिल्या दोन जिलब्यांनाच पोट तटतटत नाही.

लहान आतड्यातल्या घड्या मात्र काही केल्या उघडत नाहीत. यांचं नाव प्लायकी सर्क्युलॅरिस, 17व्या शतकातल्या केरकरिंग नावाच्या डच शरीरशास्त्रज्ञावरून केरकरिंगच्या झडपा असंही म्हणतात, झडप वगैरे काही नाही खरं तर. आतडं कितीही फुगलं तरी त्या तशाच उभ्या राहतात, कारण त्यांच्या आत अस्तराखालचा जाड थरही दुमडलेला असतो. अन्न अडखळत, घुसळत पुढे जातं आणि शोषणाला वेळ मिळतो. सुरुवातीच्या भागात त्या दाट, शेवटी शेवटी जवळपास गायब. पोटाच्या एक्स-रेतही याचा उपयोग होतो, फुगलेल्या आतड्यावरच्या रेघा आरपार या काठापासून त्या काठापर्यंत गेल्या असतील तर ते लहान आतडं, अर्ध्यात थांबल्या तर मोठं.

आता ते टेनिस कोर्टाचं. आतडं उलगडून पसरलं तर टेनिस कोर्ट भरेल हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलंय. 2014 मध्ये स्वीडनच्या हेलँडर आणि फँड्रिक्स यांनी नीट मोजमाप केलं तर पूर्ण पचनमार्ग मिळून भरला सुमारे 32 चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनचं अर्धं कोर्ट! त्यातही मोठ्या घड्यांचा वाटा किरकोळच, त्यांच्यामुळे क्षेत्रफळ वाढतं फक्त दीडपटीच्या जरा वर. खरी कमाई घड्यांवरच्या एक मिलिमीटरभरही उंच नसलेल्या व्हिलायची, म्हणजे बोटांसारख्या बारीक कोंबांची, साधारण साडेसहा पट, आणि त्यांच्यावरच्या त्याहून बारीक मायक्रोव्हिलायची तर त्याहून जास्त. मला विचाराल तर टेनिस कोर्ट आता पुस्तकांतून काढून टाकावं.

ज्यांनी घरी बोकडाची वजडी साफ केलीय त्यांना घड्यांचे प्रकार सांगायला नकोत. टॉवेलसारखा खरखरीत तुकडा, जाळीजाळीचा तुकडा आणि पानंच पानं असलेला तुकडा हे तीन वेगवेगळे कप्पे आहेत. जाळी आणि पानं या खऱ्या घड्या, टॉवेलवाला भाग मात्र घडीचा नाही, ते बारीक कोंब आहेत. पानांमध्ये चारा अडकलेला असतो म्हणून गरम पाणी, चुना आणि एवढा वेळ.

सिलिअॅक आजारात गहू, जव यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावरच उलटते, व्हिलाय झडतात, आणि एंडोस्कोपीत घड्या कमी झालेल्या किंवा त्यांच्या कडा कातरल्यासारख्या दिसू शकतात. निदान बायॉप्सी आणि रक्ततपासणीवरून होतं, नुसत्या घड्या बघून नाही. ग्लुटेन असलेलं सगळं खाणं कायमचं बंद केलं की अस्तर हळूहळू भरून येतं, लहान मुलांचं लवकर, मोठ्यांना कधी कधी काही वर्षं लागतात.