आखाजीच्या उवा जूनमध्ये खाजतात

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी सगळ्या माहेरवाशिणी येतात, त्यांची पोरं येतात. दिवसभर निंबाला बांधलेला झोका, सांजोऱ्या, आमरस. रात्री पंख्याखालीही जीव राहत नाही, म्हणून सगळी पोरं गच्चीवर. एका सतरंजीवर, डोक्याला डोकं लावून, मोठ्या मामाची भुताची गोष्ट ऐकत. उवेला याहून सोयीची जागा कुठली?

गेल्या वर्षी शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात माझी भाची डोकं खाजवायला लागली. बहीण म्हणाली, "शाळेतून घेऊन आली." शाळेत बाई म्हणाल्या, "घरून घेऊन आली," आणि पोरीला आठवडाभर मागच्या बाकावर एकटीला बसवलं. पोर रडायची, बहीण शरमेने कुणाशी बोलत नव्हती. त्या दोघींसाठीच मी हे लिहिते आहे, कारण दोष कुणाचाच नव्हता. दिवसांचा हिशेब तेवढा चुकला होता.

ऊ चावते तेव्हा तिची लाळ कातडीत जाते. खाज येते ती त्या लाळेची ॲलर्जी म्हणून. ज्या मुलाच्या डोक्यात पहिल्यांदाच उवा झाल्यात, त्याच्या शरीराला ही लाळ ओळखायलाच ४ ते ६ आठवडे लागतात. तेवढे दिवस पोर मजेत खेळतं आणि डोक्यात उवांची पिढी वाढत असते. आखाजीपासून जूनच्या मध्यापर्यंत मोजून पाहा, साधारण तेवढेच आठवडे भरतात. खाज सुटायची वाट पाहिली, तर उशीर झालेलाच असतो.

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. तिच्या सहाही पायांना आकड्यासारखी एकेक नखी असते, ती माणसाच्या केसावर घट्ट बसते. त्यामुळे ती केसावरून केसावर भराभर चालते. जमिनीवर मात्र तिला धड चालता येत नाही. डोकं डोक्याला लागलं की ती पलीकडे जाते. केस धुतलेले आहेत की नाहीत, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. डोक्यातल्या उवांमुळे कुठला रोगही पसरत नाही. खाजवून खाजवून जखमा झाल्या आणि त्या चिघळल्या, तर त्रास होतो तो त्या जखमांचा.

मोठी ऊ तिळाएवढी असते आणि उजेड पडला की केसांत पळते, म्हणून नुसत्या डोळ्यांनी शोधायला गेलं की हाती लागत नाही. ओल्या केसांत मात्र तिची चाल मंदावते. केसांना भरपूर कंडिशनर लावायचं, नसेल तर खोबरेल तेल. कंगव्याने आधी गुंता काढायचा. मग बारीक दातांची फणी टाळूला टेकवून केसाच्या टोकापर्यंत ओढायची आणि दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. कानांमागे आणि मानेवर, वेणी जिथून सुरू होते तिथे, जास्त वेळ द्यायचा. हे उन्हात ओट्यावर बसून करावं. आपल्या आज्या दुपारी तिथेच बसायच्या ते काही उगाच नाही.

लीख आणि कोंडा यांत घोळ होतो. कोंडा बोटाने सरकतो, लीख सरकत नाही. उवेने ती केसाला डिंकासारखी चिकटवलेली असते. ताजी लीख टाळूच्या अगदी जवळ असते, कारण तिला तिथली ऊब लागते. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे टाळूपासून १ सेंटीमीटरपेक्षा लांब दिसणारी लीख बहुतेक रिकामी असते. नुसत्या तसल्या लिखा पाहून पोराच्या डोक्यावर औषध ओतू नये.

जिवंत ऊ सापडली तर औषध आहे. मेडिकलमध्ये परमेथ्रिनचं १ टक्क्याचं लोशन मिळतं. ते डॉक्टरांना विचारून लावावं आणि १० मिनिटांनी धुवावं. ते उवेच्या मज्जातंतूंवर काम करतं. नुकत्याच घातलेल्या लिखेत मज्जातंतू तयारच झालेले नसतात, म्हणून ती वाचते. ती ७ ते १० दिवसांत फुटते आणि पिल्लू आणखी ९ ते १२ दिवसांत अंडी घालायच्या वयाचं होतं. म्हणून नवव्या दिवसाच्या आसपास दुसऱ्यांदा लावायचं. एकदाच लावून थांबलं की आठ दिवसांनी "औषधाला गुण नाही" असं वाटतं. काही ठिकाणच्या उवा या औषधाला खरंच दाद देत नाहीत. तसं दिसलं तर डॉक्टर दुसरं देतात.

आता आपल्याकडची गोष्ट, आणि ही मी हात जोडून सांगते. कपाशीवर फवारायचं औषध घरात असतं म्हणून ते पोरांच्या डोक्याला लावू नका. ते टाळूतून अंगात भिनतं आणि जीव घेऊ शकतं. रॉकेलही नको, ते भाजतं आणि पेट घेतं. सीताफळाच्या बियांची पूड तर आपल्याकडे बिनधास्त लावतात. तिचा कण डोळ्यात गेला की बुबुळाला जखम होते. झाडाची आहे म्हणून ती निरुपद्रवी होत नाही.

घर धुऊन काढायची गरज नाही. डोक्यावरून पडलेली ऊ रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे, टॉवेल आणि फणी गरम पाण्यात धुतली की पुरे. त्याऐवजी घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी पाहावीत.

फणी ही माणसाची फार जुनी सोबतीण. इस्रायलमधल्या लाखीश इथे सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची एक हस्तिदंती फणी सापडली. तिच्यावर कोरलेलं वाक्य २०२२ साली प्रसिद्ध झालं: या हस्तिदंतानं केसांतल्या आणि दाढीतल्या उवा उपटून निघोत.

भाचीचं डोकं आम्ही दर तीन दिवसांनी विंचरलं. पहिल्या दिवशी फडक्यावर चौदा आल्या. चौथ्या दिवशी पाच, सगळी पिल्लं, रक्त न प्यायलेली, जवळजवळ पारदर्शक. सातव्या दिवशी दोन, दहाव्या दिवशी एक. तेराव्या दिवशी फडकं कोरं निघालं. पोर उठून पळायला लागली, तिला म्हटलं, अजून दोनदा बसायचं आहे.